गॅलिलिओचा खटला आणि त्यानंतरचे भिजत घोंगडे

माननीय संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी महिन्यात गॅलिलिओचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय विज्ञान दिन पाठोपाठ येतात. त्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर एक विधान हटकून वाचायला मिळते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मान्य करायला चर्चला साडेतीनशे वर्षे लागली आणि अखेर १९९२ साली पोपनी गॅलिलिओची माफी मागितली, असे ते विधान. मी वसईचा कॅथलिक आहे आणि माझे सारे आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे या विधानाची दोन्ही टोके मला माझ्या घरातलीच वाटतात. हे विधान चर्चवर अन्याय करते, कारण सूर्यकेंद्री सिद्धान्ताला रोमने मान्यता दिली ती १९९२ च्या पावणेदोनशे वर्षे आधी. पण हेच विधान चर्चच्या फार सोयीचेही आहे, कारण इतक्या मोठ्या प्रश्नाचा निकाल एका भाषणाने लागला असा समज त्यातून पसरतो. खरी हकिगत १६३३ चा खटला आणि १९९२ चे भाषण या दोन तारखांच्या मध्ये दडलेली आहे, आणि धार्मिक संस्था नव्या ज्ञानाशी कशी जुळवून घेतात हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ती वाचायला हवी, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी एकदोन गैरसमज बाजूला करतो. जिओर्दानो ब्रुनो याला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळले, हे कृत्य अमानुषच होते. परंतु त्याच्यावरील आरोपांचा मुख्य भार त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व अशा धर्मतत्त्वांवर होता आणि त्याला पृथ्वीच्या भ्रमणाचा हुतात्मा ठरवणे इतिहासाला धरून नाही. आपल्याकडचे उदाहरण पाहायचे तर गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरील १५६३ च्या ग्रंथाचा कर्ता गार्सिया द ऑर्ता याच्या अस्थी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये उकरून जाळल्या, त्या तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता या आरोपावरून. त्याच्या वनस्पतिशास्त्राला कोणी हात लावला नव्हता. जुलूम होता हे खरे, पण प्रत्येक जुलूम विज्ञानावरचाच होता असे मानले की जिथे तो खरोखर विज्ञानावर झाला त्या प्रकरणाची धार बोथट होते.

ते प्रकरण अर्थातच गॅलिलिओचे. पोलंडमधील फ्रॉमबोर्कच्या कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे धर्माधिकारी, असलेल्या कोपर्निकसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा आपला ग्रंथ १५४३ साली पोप तिसरे पॉल यांना अर्पण केला होता आणि त्यानंतर सत्तर-बाहत्तर वर्षे रोमने त्याविरुद्ध काही केले नाही. वाद पेटला तो गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार उपग्रह पाहिल्यावर आणि त्याहून अधिक, त्याने बायबलच्या अर्थाविषयी बोलायला सुरुवात केल्यावर. शास्त्रवचने सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेली आहेत, सूर्य थांबला असे यहोशवाच्या पुस्तकात म्हटले आहे ते बोलीच्या वळणाने, निसर्गशास्त्र शिकवण्यासाठी नव्हे, असे त्याने १६१३ मध्ये आपला शिष्य कास्तेल्ली याला आणि १६१५ मध्ये ग्रँड डचेस क्रिस्तिना यांना लिहिलेल्या पत्रांत मांडले. हा विचार त्याच्या पदरचा नव्हता. तो त्याने संत ऑगस्टिन यांच्याकडून घेतला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना ऑगस्टिन यांनी बजावून ठेवले होते की पृथ्वी, आकाश, ताऱ्यांची गती यांविषयी अख्रिस्ती माणसालाही ठाऊक असलेल्या गोष्टींत एखादा ख्रिस्ती शास्त्राच्या नावाने भलतेच बरळू लागला तर ते लाजिरवाणे आहे, कारण मग शास्त्रातील इतर गोष्टींवर तरी लोकांनी विश्वास का ठेवावा? म्हणजे उत्तर चर्चच्या कपाटात बाराशे वर्षे तयार होते.

रोममधील त्या काळचे वजनदार धर्मपंडित कार्डिनल बेल्लार्मिन यांना ते माहीत होते. १२ एप्रिल १६१५ च्या त्यांच्या पत्रात त्यांनी म्हटले आहे की पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा असता तर शास्त्रवचनांचा अर्थ लावताना फार सांभाळून पावले टाकावी लागली असती, आणि जे सिद्ध झाले आहे ते खोटे म्हणण्यापेक्षा ती वचने आपल्याला समजली नाहीत असे म्हणणे बरे ठरले असते. पण असा पुरावा आपल्याला कोणी दाखवलेला नाही, असेही ते पुढे लिहितात. पुराव्यापुरते त्यांचे म्हणणे त्या क्षणी चुकीचे नव्हते. पृथ्वी फिरत असेल तर दिसायला हवे ते ताऱ्यांचे वार्षिक विस्थापन तेव्हा कोणाला मोजता आले नव्हते, ते बेसेलने १८३८ मध्ये मोजले, आणि गॅलिलिओ ज्यावर सर्वाधिक भिस्त ठेवून होता तो, पृथ्वीच्या गतीमुळे भरती-ओहोटी होते, हा युक्तिवाद तर चुकलेलाच होता. आमचे काही धर्मपंडित इथेच थांबतात आणि जणू बेल्लार्मिन हेच खरे वैज्ञानिक होते असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ही मखलाशी मला पटत नाही. पुरावा मागणे हा एक भाग झाला. तो शोधण्यास, लिहिण्यास आणि छापण्यास मनाई करणे हा अगदी निराळा. ५ मार्च १६१६ रोजी ग्रंथबंदी मंडळाने कोपर्निकसचा ग्रंथ 'दुरुस्ती होईपर्यंत' रोखून धरला, आणि २२ जून १६३३ रोजी सत्तरीच्या उंबरठ्यावरील गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत शपथेवर सोडावे लागले. दहा कार्डिनलांपैकी तिघांच्या सह्या निकालावर नाहीत, ही नोंदही इथे करून ठेवतो. आठ जानेवारी १६४२ रोजी मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत होता.

'दुरुस्ती' म्हणजे काय केले, ते मुळातून पाहण्यासारखे आहे. १६२० मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथात करायच्या बदलांची यादी प्रसिद्ध झाली. पृथ्वीच्या तिहेरी गतीचे स्पष्टीकरण देणाऱ्या प्रकरणाच्या मथळ्यात 'गृहीतक' हा शब्द घुसवायचा होता, आणि एके ठिकाणी तर, सर्वश्रेष्ठ परमेश्वराची ही रचना किती विशाल आहे, अशा अर्थाचे वाक्यच खोडायचे होते. परमेश्वराची स्तुती करणारे वाक्य चर्चच्याच कारकुनाने खोडले, कारण ती स्तुती मान्य केली तर देवाने विश्व खरोखर कोपर्निकस म्हणतो तसे घडवले असे मान्य करावे लागले असते! आजवर टिकलेल्या प्रतींवरून असे दिसते की ही खाडाखोड बहुतांशी इटलीतच झाली. स्पेन-पोर्तुगालसारख्या कडव्या कॅथलिक देशांतही प्रतींना सहसा कोणी शाई लावली नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. रोममध्ये कोपर्निकसचा ग्रंथ रोखला गेला त्याच १६१६ साली गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. जगाच्या उत्पत्तीची बायबलमधील कथा स्टीफन्स यांनी इथल्या श्रोत्यांच्या कानांना रुचेल अशा ओवीत सांगितली, आणि तसे करताना शास्त्रवचन ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरते हे तत्त्व प्रत्यक्ष वापरले. गॅलिलिओ आपल्या पत्रांतून तेच तत्त्व पुढे करीत होता. गोव्यात ते धर्मप्रसाराला उपयोगी पडले, रोममध्ये ते अंगलट आले. तत्त्व एकच, पण ते कोण आणि कशासाठी वापरतो यावर चर्चची प्रतिक्रिया ठरत होती.

बंदीनंतरच्या काळाचे वर्णन करायला भिजत घोंगडे याहून चांगला शब्द मला सापडत नाही. बोलोन्या हे शहर तेव्हा पोपच्याच राज्यात होते. तिथल्या सान पेत्रोनिओ या भव्य चर्चच्या छतात, जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवर, खगोलज्ञ कासिनी याने १६५५ मध्ये एक बारीक छिद्र योजले आणि फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा आखली. रोज मध्यान्ही त्या छिद्रातून उतरणारे सूर्यबिंब रेषेवरून सरकते. हिवाळ्यात ते दूर आणि लांबट पडते, उन्हाळ्यात भिंतीजवळ आणि आटोपशीर. ईस्टरची तिथी बिनचूक काढता यावी म्हणून चर्चला वर्षाचे नेमके मान हवे होते आणि या कामाला चर्चच्या पैशाची अडचण नव्हती. पण त्याच फरशीवर सूर्यबिंबाचा व्यास मोजताना कासिनीला जो निष्कर्ष मिळाला तो सूर्यकेंद्री मताच्या केप्लरच्या बाजूचा होता, आणि केप्लरचा ग्रंथ तर चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत. वेधशाळा चर्चमध्ये आणि तिचे निष्कर्ष चर्चनेच निषिद्ध ठरवलेल्या ग्रंथाच्या बाजूचे, असा हा प्रकार कित्येक वर्षे बिनबोभाट चालू राहिला. याच काळातील जेझुइट खगोलज्ञ रिच्चोली याने सूर्यकेंद्री मताविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याच ग्रंथातील चंद्राच्या नकाशात एका ठळक विवराला कोपर्निकसचे नाव देऊन ठेवले.

पुढे न्यूटनचे युग आले. रोममधील त्रिनिता देई मोंती मठातील ल स्यूर आणि जाकिए या दोन संन्याशांनी न्यूटनच्या ग्रंथाची सविस्तर टीपांसह आवृत्ती १७३९ ते १७४२ या काळात काढली. ती युरोपभर वापरली गेली. तिच्या तिसऱ्या खंडाच्या आरंभी त्यांनी निवेदन जोडले आहे : न्यूटन पृथ्वीची गती गृहीत धरतो, तसे धरल्याशिवाय त्याचे सिद्धान्त समजावणे आम्हाला शक्य नव्हते, म्हणून आम्ही जणू दुसऱ्याचे सोंग घेतले आहे, एरवी पृथ्वीच्या गतीविरुद्ध पोपनी काढलेल्या आज्ञा आम्हाला शिरसावंद्य आहेत. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, याचा याहून सुबक नमुना शोधून सापडणार नाही. १७५८ च्या निषिद्ध यादीतून पृथ्वीची गती शिकवणाऱ्या 'सर्व पुस्तकां'वरील सरसकट बंदी गुपचूप गाळली गेली, मात्र कोपर्निकस, केप्लर आणि गॅलिलिओ यांची नावे तशीच राहिली. का गाळली आणि का ठेवली, याचा खुलासा नाही.

आता १८२० कडे येतो, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील कळीचे वर्ष तेच आहे आणि मराठीत त्याविषयी क्वचितच लिहिले जाते. जुझेप्पे सेत्तेले हे रोमच्या विद्यापीठात शिकवणारे धर्मगुरू. प्रकाशशास्त्र आणि खगोलशास्त्रावरील आपल्या पाठ्यपुस्तकाचा दुसरा खंड त्यांनी मंजुरीसाठी दिला. त्यात पृथ्वी फिरते असे सरळ लिहिले होते, कारण तोवर दुसरे काही लिहिणे हास्यास्पद झाले होते. रोममध्ये छापल्या जाणाऱ्या पुस्तकांना परवानगी देण्याचा अधिकार असलेले डॉमिनिकन धर्मगुरू फिलिप्पो आन्फोस्सी यांनी परवानगी नाकारली. जे एकदा धर्माधिकाऱ्यांनी निषिद्ध ठरवले ते रद्द होऊ शकत नाही, लिहायचेच असेल तर गृहीतक म्हणून लिहा, ही त्यांची भूमिका. सेत्तेले यांनी थेट पोप सातवे पायस यांच्याकडे दाद मागितली आणि प्रकरण धर्मन्यायालयासमोर गेले.

आन्फोस्सी यांना उत्तर द्यायला उभे राहिलेले मौरित्सिओ ओलिव्हिएरी हेही डॉमिनिकनच. त्यांच्या हाती पुरावे होते : ब्रॅडलीने १७२९ साली प्रसिद्ध केलेले ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपेरण (पृथ्वीच्या गतीमुळे तारा जागेवरून किंचित सरकलेला दिसणे) होते, आणि बोलोन्याच्या आसिनेल्ली मनोऱ्यावरून गुल्येल्मिनी याने सोडलेले गोळे किंचित पूर्वेकडे पडतात हा १७९१-९२ मधील प्रयोगही होता. पण पुराव्याने प्रश्न सुटत नव्हता, कारण अडचण खगोलशास्त्राची नव्हतीच. पूर्वीच्या पोपच्या काळात चर्चने चूक केली असे न म्हणता आज उलटे कसे म्हणायचे, ही खरी अडचण होती. ओलिव्हिएरी यांनी तोड काढली ती अशी की १६१६ साली चर्चने जी गती निषिद्ध ठरवली ती त्या काळच्या कच्च्या भौतिकशास्त्रातील गती होती. तेव्हा हवेला वजन असते हे ठाऊक नव्हते, पृथ्वी फिरली तर प्रचंड वादळे उठतील या आक्षेपाला उत्तर नव्हते, ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार मानल्या जात होत्या. आजचे खगोलज्ञ जे शिकवतात त्यात हे दोष उरलेले नाहीत, तेव्हा जुना निर्णय त्याच्या जागी बरोबर आणि नवी परवानगीही बरोबर!

इतिहास म्हणून हा युक्तिवाद टिकणारा नाही. १६१६ च्या सल्लागारांचा मुख्य आक्षेप वाऱ्यावादळाचा नव्हता, शास्त्रवचनाशी विरोधाचा होता, आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे केप्लरने १६०९ मध्येच सांगितले होते. तरीही मी ओलिव्हिएरी यांना दोष देत नाही. ज्या संस्थेला आपण कधी चुकलो असे म्हणताच येत नाही, तिला पुढे सरकण्यासाठी असा एखादा पूल लागतो, आणि तो आतल्याच, नियम जाणणाऱ्या माणसाला बांधावा लागतो. ऑगस्ट १८२० मध्ये धर्मन्यायालयाने सेत्तेले यांच्या बाजूने निर्णय दिला. आन्फोस्सी तरीही हटेनात, तेव्हा सप्टेंबर १८२२ मध्ये सर्वसाधारण हुकूम निघाला की आधुनिक खगोलज्ञांच्या मतानुसार पृथ्वीची गती आणि सूर्याची स्थिरता सांगणाऱ्या पुस्तकांना परवानगी नाकारू नये, नाकारणाऱ्यास शिक्षा होईल. दोनशे वर्षांपूर्वी पृथ्वी फिरते म्हणणाऱ्याला शिक्षा होती, आता तसे म्हणू न देणाऱ्याला! १८३५ च्या यादीत कोपर्निकस, केप्लर, गॅलिलिओ यांची नावे उरली नाहीत. त्यासाठी घंटा वाजल्या नाहीत, निवेदन निघाले नाही. नवी यादी छापली आणि तिच्यात ती नावे नव्हती, इतकेच.

चर्च विज्ञानाशी जुळवून घेते ते असे, असे माझे मत आहे. 'आम्ही चुकलो' हे वाक्य त्या फायलीत नसते. जुन्या निर्णयाचा अर्थ आकुंचित करून तो जागच्या जागी ठेवला जातो आणि त्याच्या कडेने नवी वाट काढली जाते. संस्थेला हे परवडते, तिच्यापाशी शतके असतात. अर्चेत्रीच्या घरात नजरकैदेत, दृष्टी गेलेल्या अवस्थेत बसलेल्या म्हाताऱ्या गॅलिलिओपाशी ती नसतात.

प्रॉटेस्टंट पंथांचा प्रवास वेगळा झाला, कारण त्यांच्याकडे एकच न्यायालय आणि एकच यादी नव्हती. त्यामुळे तिथे गॅलिलिओसारखा खटला झाला नाही, पण अंतिम मान्यता देणाराही कोणी नव्हता. डार्विनच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. १८६० च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचे समर्थक हक्सली यांची गाजलेली खडाजंगी झाली, ती सर्वांना ठाऊक असते. त्याच आठवड्यात त्याच शहरात फ्रेडरिक टेम्पल यांनी प्रवचनातून नव्या विज्ञानाचे स्वागत केले, ते विसरले जाते. टेम्पल १८९६ मध्ये कॅंटरबरीचे आर्चबिशप झाले. स्वतः डार्विनला एप्रिल १८८२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत मूठमाती मिळाली. अमेरिकेत मात्र दक्षिणेकडील राज्यांत उत्क्रांतीविरुद्ध कायदे झाले आणि १९२५ च्या टेनेसीतील स्कोप्स या शिक्षकावरील खटल्याने ते जगभर गाजले. पण आर्कान्सा राज्याने उत्क्रांतीच्या जोडीने 'सृष्टिनिर्मितीचे विज्ञान' शिकवण्याची सक्ती करणारा कायदा १९८१ मध्ये केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या फिर्यादींत पहिले नाव मॅक्लीन या मेथडिस्ट पाळकांचे होते आणि त्यांच्यासोबत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि रोमन कॅथलिक बिशपही होते. जानेवारी १९८२ मध्ये तो कायदा रद्द झाला. 'चर्च विरुद्ध विज्ञान' असा मथळा देणाऱ्यांनी या फिर्यादीची पहिली पाने वाचायला हवीत; तिथे दोन्ही बाजूंना ख्रिस्ती माणसे आहेत.

रोमने डार्विनच्या बाबतीत गॅलिलिओची पुनरावृत्ती टाळली, पण धाकाने. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' निषिद्ध यादीत कधीच गेले नाही. मात्र नोत्र दाम विद्यापीठातील धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन झाम यांनी उत्क्रांती श्रद्धेशी सुसंगत असल्याचे १८९६ च्या पुस्तकात मांडले, तेव्हा १८९८ मध्ये त्या पुस्तकावर बंदीचा निर्णय झाला आणि तो प्रसिद्ध न करता दडवून ठेवला गेला. झाम यांनी पुस्तक मागे घ्यावे यासाठी तेवढे पुरले. धर्मन्यायालयाचे दफ्तर १९९८ मध्ये अभ्यासकांना खुले झाले तेव्हा अशा प्रकरणांचे कागद बाहेर आले. १६३३ च्या फजितीतून चर्च काय शिकले, तर जाहीर शिक्षा करू नये. खासगीत गप्प करावे. याला मी प्रगती म्हणेन, पण अर्धीच.

उलट्या बाजूचा धोकाही आहे आणि तो एका धर्मगुरूनेच ओळखला. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणशील विश्वाचे गणित मांडले आणि १९३१ मध्ये आद्य अणूची कल्पना. याच कल्पनेला पुढे फ्रेड हॉइल यांनी काहीशा थट्टेने 'बिग बँग' हे नाव दिले. हॉइल आणि त्यांचे शिष्य, आपले डॉ. जयंत नारळीकर, यांनी महास्फोटाला पर्याय मांडला हे मराठी वाचकांना सांगायला नको. विश्वाला आरंभ मानणे म्हणजे मागच्या दाराने देव आणणे, असा संशय हॉइल यांना होता. पोप बारावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९५१ च्या भाषणात जणू या संशयाला पुरावाच पुरवला. 'प्रकाश होवो' या आदिवचनाच्या क्षणाची साक्ष आता विज्ञानच देत आहे, असा त्यांचा सूर होता. लमेत्र यांना हे मुळीच रुचले नाही. आपला सिद्धान्त श्रद्धेच्या प्रश्नांपासून अलग आहे, अश्रद्धालूलाही तो तितकाच खुला आहे, असे ते मानत. त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओकॉनेल यांच्याशी बोलून हा विषय योग्य जागी पोहोचवला आणि १९५२ च्या सप्टेंबरात रोममध्ये जमलेल्या खगोलज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. विज्ञान नाकारणे जितके घातक तितकेच ते घाईने आपल्या पंखाखाली ओढणेही, कारण उद्या सिद्धान्त बदलला तर त्याला टांगलेली श्रद्धाही खाली येते. 'आमच्या ग्रंथांत हे आधीच होते' असे अभिमानाने सांगणाऱ्या आपल्याकडील सर्वधर्मीय मंडळींनी लमेत्र यांच्याकडून एवढे जरूर घ्यावे.

आम्ही कॅथलिकही अशा नावांची ढाल करतो, हे मी मान्य करतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम उभे राहिले ते फादर ब्लॅटर यांच्यामुळे. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या घाटातील वनस्पती पायी हिंडून नोंदवल्या आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीवर सर चं. वें. रामन होते आणि खोडदची महादुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूपही होते. या सगळ्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे, परंतु कोणी फादर घाटात पाने गोळा करत होते म्हणून १६३३ चा निकाल धुऊन निघत नाही.

आता १९९२. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये, आइनस्टाइन जन्मशताब्दीच्या सभेत, गॅलिलिओ प्रकरणाचा मोकळेपणाने अभ्यास व्हावा अशी इच्छा व्यक्त केली, १९८१ मध्ये आयोग नेमला आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी समारोपाचे भाषण केले. ते भाषण मोलाचे आहे, कारण शास्त्रवचनाचा अर्थ लावण्यात गॅलिलिओ त्याच्या विरोधकांपेक्षा अधिक जाणता होता, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण ज्याला आपण माफी म्हणतो ती त्यात शोधूनही सापडत नाही. 'परस्परांविषयीचे दुर्दैवी अज्ञान' असा त्याचा सूर आहे आणि चुकीचा भार 'त्या काळच्या धर्मपंडितां'वर टाकलेला आहे. त्या आयोगात स्वतः काम केलेले व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर जॉर्ज कॉइन यांनी पुढे याच गोष्टीवर बोट ठेवले : नाव घ्यायचे ते खटल्याच्या वेळचे पोप आठवे अर्बन यांचे, धर्मन्यायालयाचे, ग्रंथबंदी मंडळाचे, आणि ते कोणाचेच घेतलेले नाही. १८२० ची ओलिव्हिएरी यांची तोडच नव्या भाषेत परत आली, असे मला ते वाचताना वाटले. फरक एवढाच की या वेळी चर्चमधील एका माणसाला तसे जाहीरपणे म्हणता आले आणि त्याचे पद शाबूत राहिले.

खगोलशास्त्राचा वाद आज संपलेला आहे. शरीराशी निगडित वैद्यकाचे, गर्भनिरोधनाचे, कृत्रिम गर्भधारणेचे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत, कारण तिथे वाद काय सत्य आहे याचा नसून काय करावे याचा आहे. ते या पत्रात ओढत नाही. पण एक वाद खरोखर सत्याचा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. १९५० च्या परिपत्रकात बाराव्या पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली, १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकाच्या पुढे गेली असल्याचे म्हटले आणि २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी देव हातात छडी घेतलेला जादूगार नाही असे सुनावले. मात्र १९५० च्या त्याच परिपत्रकात असेही आहे की मानवजात एका जोडप्यापासून न होता अनेकांपासून झाली हे मत मूळपापाच्या (आदामचे पाप साऱ्या मानवजातीकडे वारशाने येते या) शिकवणीशी कसे जुळवावे हे मुळीच दिसत नाही, म्हणून श्रद्धावंतांनी ते धरू नये. आजचे जनुकशास्त्र नेमके तेच सांगते : आपल्या पूर्वजांची संख्या कधीही दोनवर आलेली नव्हती, ती हजारांच्या घरात होती. आदाम आणि हव्वा यांच्याविषयी धर्मपंडित विविध अर्थ मांडत आहेत, त्यातले काही फार सुंदर आहेत, पण ते वाक्य अधिकृतपणे मागे घेतलेले नाही आणि त्यावर नवा निर्णयही झालेला नाही. पुन्हा घोंगडे भिजत पडले आहे.

त्याचा परिणाम आमच्या वसईतही दिसतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे पहिलेच प्रकरण आहे आणि चर्चने चालवलेल्या शाळांतही ते इतर शाळांसारखेच शिकवले जाते. मी ते अनेक वर्षे शिकवले आणि एकाही धर्मगुरूने मला अडवले नाही. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली, किंवा २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही असे म्हणून डार्विनला चूक ठरवले, तेव्हा आमच्याकडचे लोकही हसले. पण तीच मुले रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आदामची गोष्ट शब्दशः ऐकतात. वर्गातील एका मुलीने मला एकदा विचारले होते, "सर, परीक्षेत कोणतं लिहायचं ते कळतं, पण खरं कोणतं?" तिला मी ऑगस्टिन यांचे म्हणणे सांगितले. ते तिला पटलेले दिसले, पण हे आपल्याला रविवारी का सांगत नाहीत, हा तिचा पुढचा प्रश्न होता आणि तो माझ्या अखत्यारीतला नव्हता.

तेव्हा माझी विनंती दुहेरी आहे. आपल्या पुरवणीत यापुढे गॅलिलिओवर लेख येईल तेव्हा त्यात १९९२ च्या जोडीला १८२० आणि १८३५ ही सालेही यावीत आणि 'माफी' हा शब्द तपासून वापरला जावा. दुसरी विनंती आमच्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांना आणि धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांना : १९५० च्या परिपत्रकातील ते वाक्य आणि जनुकशास्त्र काय सांगते ते, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यावर मराठीत मोकळी चर्चा व्हावी, आणि ती रोममधून निर्णय येण्याची वाट न पाहता व्हावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक
वसई, जि. पालघर